सज्जनबाईंच्या नावाचा मेसेज

धरणगावात सज्जनबाईंना रागीट म्हणणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी तोंडावर फैलावर घेतलेलं आहे. दुधात पाणी सापडलं तर दूधवाल्याला तेच दूध दारात उभं करून प्यायला लावणाऱ्या बाई त्या. जैन स्थानकात व्याख्यान चालू असताना मागं कुजबुज सुरू झाली की मान न वळवता, आवाजावरून ओळखून, नावानिशी गप्प करणाऱ्या. पण खरं सांगायचं तर ही सगळी चिल्लर. त्यांचा खरा राग घरानं पाहिला तो एकदाच, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ऐन पर्युषणात, आणि तोही बँकेच्या मेसेजवरून. "एवढ्याशा मेसेजसाठी म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं," असं अजून बाजारात बोललं जातं. एवढासा म्हणे! ज्यांना तो एवढासा वाटतो, त्यांना ही हकिगत मुळापासूनच सांगायला हवी.

घर ओसवाल जैनांचं, चार पिढ्यांमागं मारवाडातून आलेलं. आधी कापसाची दलाली, मग अभयकुमारांनी काढलेलं कृषी केंद्र. अभयकुमार म्हणजे सज्जनबाईंचे यजमान. दुकानात बियाणं, खत, आणि त्याबरोबर फवारणीची औषधं. औषधं म्हणायचं आपण, असतं ते विषच. वीस वर्षांपूर्वी एका चातुर्मासात महासतीजींनी, म्हणजे स्थानकात उतरलेल्या साध्वींनी, श्रावकानं करू नयेत असे पंधरा धंदे एकेक करून समजावून सांगितले. त्यात विषाचा व्यापार आला. नवरा-बायको दोघं तिथंच उभे राहिले आणि हात जोडून त्यांनी जन्मभरासाठी त्याचा त्याग केला. दुसऱ्या दिवशी अभयकुमारांनी दुकानातली औषधाची सगळी खोकी कंपनीला परत पाठवली. कपाशीच्या मुलखात कृषी केंद्र चालवायचं आणि फवारा ठेवायचा नाही, म्हणजे चहाच्या टपरीवर साखर न ठेवण्यासारखं. लोकांनी वेड्यात काढलं. अभयकुमार हसून सोडून द्यायचे. सज्जनबाई सोडून द्यायच्या नाहीत, उलट उत्तर द्यायच्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी प्रतिक्रमणाला, म्हणजे दिवसभराच्या दोषांची कबुली द्यायला, बसलं की त्या पंधरा धंद्यांची नावं घेताना ‘विसवाणिज्जे’, म्हणजे विषाचा व्यापार, ह्या शब्दावर त्यांचा आवाज जरा वर चढायचा. बाकी चौदा धंदे त्यांच्या वाट्याला आलेच नव्हते. हा एक आला होता आणि तो त्यांनी हातानं दूर केला होता. आयुष्यात स्वतःची अशी, कुणी दिलेली नाही, कुणाला मागून घेतलेली नाही, अशी ही एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती.

सहा वर्षांपूर्वी अभयकुमार गेले. तिसऱ्या दिवशी उठावणा, म्हणजे शोकाची बैठक, झाला त्याच दुपारी मुलगा श्रेयांस कागदांचा गठ्ठा घेऊन आला, बोटं ठेवत गेला आणि सज्जनबाई सह्या करत गेल्या. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, वाचतंय कोण. त्यात त्यांच्या नावावर मुदत ठेव झाली आणि त्या ठेवीवर बँकेनं एक क्रेडिट कार्ड दिलं. प्रत्येक कागदावर मोबाईल नंबरच्या रकान्यात श्रेयांसनं दुकानाचा नंबर टाकला. ह्यात तेव्हा त्याचा काही डाव नव्हता. ह्या घरांमध्ये रीतच तशी. गॅसला दुकानाचा नंबर, विजेच्या बिलाला दुकानाचा नंबर, लग्नपत्रिकेवर दुकानाचा नंबर. बाईमाणसाला काही कळवायचं असलं तर दुकानाला कळवा, दुकान घरी कळवील. सज्जनबाईंनीही विचारलं नाही. ही त्यांची चूक, आणि ती त्यांनी पुढं स्वतःच्या तोंडानं शंभरदा बोलून दाखवली.

कार्ड त्यांनी लोखंडी कपाटाच्या खणात, कापडी पाकिटात ठेवलं. महिन्याच्या पाच तारखेला ते बाहेर निघायचं, अतिकच्या मेडिकलवर बीपीच्या आणि थायरॉईडच्या गोळ्या आणायला. बाकी त्याचं काही काम नव्हतं.

त्या वर्षी ऑगस्टच्या पाच तारखेला अतिकनं कार्ड मशीनमध्ये घातलं, सज्जनबाईंनी आकडे दाबले, आणि मशीननं नाही म्हटलं. पुन्हा केलं, पुन्हा नाही.

"अक्का, लिमिट संपलीय असं सांगतंय," अतिक हळूच म्हणाला.

"किती आहे लिमिट?"

"तुमच्या कार्डाला दोन लाख असेल."

"आणि माझ्या गोळ्या किती?"

"सहाशे चाळीस."

मागं रांगेत चार माणसं. त्यात सज्जनबाईंकडं भांडी घासणारी धुरपदाबाईही होती. ती पुढं सरकून म्हणाली, "काय व्हयनं अक्का? बठ्ठं ठीक शे ना?"

"ठीक शे. तू तुन्या गोळ्या ले," सज्जनबाई म्हणाल्या. पण कान तापले होते. अतिक म्हणाला, गोळ्या घेऊन जा, पैसे मागाहून द्या. त्यांनी गोळ्या परत सरकवल्या. "गोळ्या राहू दे. माझे दोन लाख कुणी खर्च केले ते सांग."

"ते माझं मशीन कसं सांगणार, अक्का? मेसेज बघा की. प्रत्येक खरेदीला बँकेचा मेसेज येतो. किती रुपये, कुठल्या दुकानात, सगळं. खाली असंही असतं की तुम्ही केलं नसेल तर कळवा."

"मला सहा वर्षांत एक मेसेज आलेला नाही."

अतिकचं आणि ह्या घराचं तीन पिढ्यांचं येणंजाणं. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "मग दुकानावर येत असतील. तुमच्याकडं सगळ्याला दुकानाचाच नंबर असतो ना."

संध्याकाळी श्रेयांस घरी आल्यावर त्यांनी विचारलं. घरातलं बोलणं मारवाडीतलं, ते इथं आपल्या मराठीत. श्रेयांस बूट काढत होता. "बँकेची सिस्टिम बंद असेल मम्मी. मी बघतो," असं म्हणून त्यानं खिशातून हजार रुपये काढून विधीच्या हातात दिले. विधी म्हणजे त्याची बायको. "मम्मीच्या गोळ्या मागव."

"मेसेज येतात म्हणे दुकानावर. दाखव."

"अगं, त्या फोनवर दिवसाला शंभर मेसेज येतात. वाचतो कोण? मुनीम पुसून टाकतो."

सज्जनबाई गप्प बसल्या, आणि ह्या घरात त्या गप्प बसल्या की भांडी जपून ठेवावीत असं विधी माहेरी सांगायची. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सहा वर्षं बँक त्यांच्या नावानं हाका मारत होती, आणि त्या हाका दुकानाच्या गल्ल्यापाशी पडून राहत होत्या. मुनीम त्या पुसत होता. न वाचता! खोटं बोलला असता तर एक वेळ चाललं असतं, पण नुसतं पुसून टाकायचं?

दोन दिवसांनी सकाळी त्या म्हणाल्या, "जळगावला जाऊन येते." कशाला, असं कुणी विचारलं नाही. सदुसष्ट वर्षांच्या बाईला जळगावात डोळ्यांच्या डॉक्टरशिवाय काय काम असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. त्यांनीही सांगितलं नाही. खोटं बोलायचं नाही हा नियम होता, पण न विचारलेलं सांगायचं असा काही नियम नव्हता.

बँकेत काचेपलीकडं योगेंद्र नावाचा अधिकारी बसला होता, तिशीतला, नीटनेटका. त्यानं आदरानं खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, मुलगा नाही आला सोबत?"

"कार्ड कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या."

"ठेव?"

"तुमचीच."

"मग मुलाचं इथं काय काम?"

योगेंद्र हसला. तसं हसायला नको होतं. "तसं नाही आजी. मेसेज इंग्रजीत येतात. तुम्हाला वाचायला त्रास होईल. दुकानाचा नंबर आहे तोच बरा. निदान घरी एकदा विचारून..."

"घरी कुणाला विचारू? घरात मीच मोठी आहे!" आवाज इतका चढला की रांगेतली माणसं वळली. "तुम्ही माझी सही जुळवून बघा. अंगठा बघा. आधार बघा. जे बघायचं ते बघा. पण माझ्या नावाचा कागद मला दाखवायला दुसऱ्याची परवानगी लागते असं कुठल्या नियमात लिहिलंय, तो नियम आधी दाखवा. तोवर मी उठत नाही."

आणि त्या उठल्या नाहीत. दीड तास. जेवणाची सुट्टी झाली, मध्ये एकदा शिपाई येऊन पंखा बंद करून गेला, तरी त्या पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसून होत्या. शेवटी योगेंद्र साहेबांशी बोलून आला, सही जुळवली, आधार घेतलं आणि फॉर्म पुढं केला. मोबाईलच्या रकान्यात सज्जनबाईंनी स्वतःचा नंबर लिहिला. प्रवचनं ऐकायला म्हणून घेतलेला फोन होता तो. दहा आकडे त्यांनी इतके ठळक काढले की ते कागदाच्या पलीकडून उमटले.

मग मात्र त्या पोरानं मन लावून शिकवलं, हे त्याच्या पदरात टाकायला हवं. पाच हजारांवरच्या खरेदीचाच मेसेज येत होता, तो त्यानं एका रुपयापासून लावून दिला. आधी रक्कम येते, मग कार्डाचे शेवटचे चार आकडे, मग दुकानाचं नाव आणि गाव. आणि शेवटची ओळ, व्यवहार तुम्ही केला नसेल तर अमुक शब्द आणि हे चार आकडे ह्या नंबरवर पाठवा, कार्ड तिथल्या तिथं बंद. त्यानं तो शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनही दिला. मागचा हिशेब मात्र पोस्टानं येईल, आठदहा दिवस लागतील, असं म्हणाला.

इंग्रजीचं म्हणाल तर सज्जनबाईंना ते अक्षर लावून लावून वाचता यायचं. यजमानांना जेवणाचा डबा घेऊन दुकानात जायच्या तेव्हा बियाण्याच्या पिशव्यांवरून शिकल्या होत्या. कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

नंबर बदलल्याचा मेसेज दुकानाच्या फोनवरही गेलाच असणार. तोही मुनीमानं पुसला असणार.

पहिला मेसेज शनिवारी आला. एक लाख नव्व्याण्णव हजार सहाशे रुपये तुमच्या कार्डात जमा झाले, आभार. सज्जनबाई तो तीन वेळा वाचून खुर्चीत बसल्या. कुणीतरी त्यांच्या नावावर एक लाख नव्व्याण्णव हजार सहाशे भरले होते. म्हणजे त्याआधी कुणीतरी तेवढे उधळले होते. कुठं? कशावर? त्या कपाटाकडं गेल्या. कार्ड पाकिटात होतं. त्यांनी ते होतं तसंच ठेवलं आणि वाट बघायचं ठरवलं. रागावलेल्या माणसानं वाट बघणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. तीन दिवस त्या कुणावर ओरडल्या नाहीत. विधीनं श्रेयांसला सांगितलं, मम्मीजींची तब्येत बरी दिसत नाही.

मंगळवारी पर्युषणाचा दुसरा दिवस होता. श्रेयांस दर मंगळवारी वसुलीला म्हणून धुळ्याला जायचा, तसा सकाळी गेला. पर्युषणात घरात हिरवी भाजी येत नाही, सज्जनबाई ताटात मूग निवडत बसल्या होत्या. पावणेबाराला फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला. बहात्तर हजार चारशे रुपये. शेवटचे चार आकडे त्यांचेच. गाव धुळे. आणि दुकानाच्या नावातला पहिला शब्द कुणाचं तरी आडनाव होता, दुसरा त्या अक्षर लावून वाचू लागल्या. पे. पेस्टि. पुढचं वाचायची गरजच पडली नाही. तो शब्द त्यांनी शेकडो खोक्यांवर बघितला होता, त्याच्या शेजारी कवटीचं चित्र असायचं.

त्या उठून कपाटाशी गेल्या. कापडी पाकीट रिकामं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती त्या घटकेला खरोखरच गेली. पैशाचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. सहा वर्षं! सहा वर्षं रोज संध्याकाळी डोळे मिटून, हात जोडून त्या म्हणत होत्या की हा धंदा मी केला नाही, करवला नाही. आणि धुळ्यातल्या कुठल्याशा दुकानात पावतीवर पावती फाडली जात होती, आणि प्रत्येक पावतीवर त्यांचं नाव होतं. त्या देवासमोर खोटं बोलत होत्या. त्यांना खोटं बोलायला लावलं होतं, त्यांच्याच पोटच्या पोरानं, त्यांच्याच कपाटातून कार्ड काढून, आणि संध्याकाळी परत ठेवून देऊन. चोरसुद्धा बरा, तो निदान परत ठेवून देत नाही!

फोन अजून हातात होता. मेसेजची शेवटची ओळ डोळ्यांसमोर होती. हा व्यवहार तुम्ही केला नाही का? शेहेचाळीस वर्षं झाली होती ह्या घरात येऊन. जमीन विकली तेव्हा सही मागितली, विचारलं नाही. मुलीचं स्थळ ठरलं तेव्हा पेढा हातावर ठेवला, विचारलं नाही. आणि आज कुणीतरी, ओळख ना पाळख, एक यंत्र, सरळ त्यांना विचारत होतं. तुम्ही केलंत का? त्यांनी योगेंद्रनं लिहून दिलेला कागद उलगडला, तो शब्द एकेक अक्षर बघून टाइप केला, चार आकडे टाकले आणि पाठवला. मिनिटाच्या आत उत्तर आलं. कार्ड बंद केलं आहे.

मग त्यांनी मुगाचं ताट उचलून ठेवलं, फोन तिथंच सोडला आणि आतल्या खोलीत सामायिकाला बसल्या. अठ्ठेचाळीस मिनिटं उठायचं नसतं. बाहेर फोन सात वेळा वाजला. मग विधीचा वाजला. विधी दारापाशी येऊन म्हणाली, "मम्मीजी, ते विचारताहेत, कार्डाचं काय केलंत?" आतून उत्तर गेलं नाही. सामायिकात मन समतेत ठेवायचं असतं. सज्जनबाईंना त्या दिवशी ते जमलं नाही, आणि त्याचाही राग त्यांनी श्रेयांसच्या खात्यावर टाकला.

तीन वाजता श्रेयांसची गाडी दारात थांबली. बूट न काढता तो आत आला.

"तू बंद केलंस कार्ड? दुसरी खरेदी करायला गेलो तर मशीन नाही म्हणतंय. दहा डीलर बसले होते तिथं! माझी अब्रू गेली, मम्मी!"

"आणि माझी?"

"तुझी कशी जाईल? तुला कोण विचारतंय?"

"तेच म्हणते मी. मला कोण विचारतंय?"

श्रेयांस खुर्चीत बसला, डोकं धरलं, आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं. एकदा पकडलं गेलं की तो खोटं बोलायचा नाही, एवढं बापाचं त्याच्यात होतं. धुळ्याला भागीदारीत फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. अभयकुमार गेले त्याच वर्षी टाकलेलं. "नुसत्या बियाण्यावर घर चालतं का आज? आणि तुझा नियम मोडू नये म्हणूनच इथं नाही ठेवलं. बाटलीसुद्धा इथं आणत नाही. सीझनला ठोक व्यापाऱ्याकडून माल उचलताना माझ्या कार्डाची लिमिट भरते, तेव्हा पंधरावीस दिवस तुझं वापरतो. बिल दर महिन्याला मीच भरतो, एक दिवस चुकवलेलं नाही. तुझा एक रुपया गेला का? घरात कोण कुणाची वस्तू वापरत नाही?"

"तांब्या वापर! परात वापर! माझं नाव म्हणजे काय तांब्या आहे?"

"नाव, नाव! कागदावरचं नाव ते. देवाच्या दारात का तो कागद जाणार आहे?"

"मी जाणार आहे!" सज्जनबाई ओरडल्या. "मी जाणार आहे ना! मला विचारलं तर मी काय सांगू? मुनीमानं पुसलं म्हणून सांगू?"

विधी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. श्रेयांसही आता उठला होता, आणि रागाच्या भरात जे बोलायचं नव्हतं ते तो बोलून गेला. "मागच्या वर्षी महाराजांच्या दर्शनाला उदयपूरला विमानानं गेलीस ना? स्थानकातल्या सगळ्यांना कौतुकानं सांगत होतीस, पोरानं विमानानं नेलं. तिकीट कुठून आलं होतं? ह्याच कार्डावर साठलेल्या पॉइंटांवर! फुकट मिळालं होतं! तेव्हा बरं चाललं!"

सज्जनबाईंनी भिंतीला हात लावला. त्या विमानात त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. सगळा रस्ता नवकार मंत्र म्हणत गेल्या होत्या. महाराजांसमोर पोहोचल्यावर डोळे भरून आले होते, आणि जन्माचं सार्थक झालं असं त्या स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या होत्या. ते दर्शन विषाच्या बाटल्यांवर मिळालं होतं. शिव्या त्यांनी आयुष्यात दिल्या नव्हत्या, नाहीतर त्या घटकेला दिल्या असत्या. त्यांना इतकं वाईट वाटत होतं की रडू यायला हवं होतं, पण रागानं रडूही येऊ दिलं नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नंबर बँकेचा. त्यांनी घेतला. फोनमधला आवाज मोठा ठेवायची त्यांना सवय होती, प्रवचनामुळं. खोलीत सगळ्यांना ऐकू जात होतं.

"सज्जनबाई मॅडम बोलताहेत का? कार्ड विभागातून बोलतेय. आज बहात्तर हजार चारशेचा व्यवहार तुम्ही केलेला नाही असं तुम्ही कळवलंय. तेवढी खात्री करायची होती."

श्रेयांस पुढं आला. दबक्या आवाजात म्हणाला, "सांग, चुकून कळवलं. सांग, मीच केला. दोन शब्द मम्मी, विषय संपला."

विधीनं त्यांचा हात धरला. "मम्मीजी, पोलिसांपर्यंत जाईल हे. पर्युषण आहे. क्षमेचे दिवस आहेत."

"क्षमा आठव्या दिवशी," सज्जनबाई म्हणाल्या. "आज दुसरा आहे." आणि फोनमध्ये म्हणाल्या, "मी केला नाही."

"तुमच्या परवानगीनं दुसऱ्या कुणी केला का?"

"नाही."

"कार्ड हरवलं होतं?"

"माझ्या कपाटातून काढून नेलं."

"कुणी नेलं असेल, अंदाज आहे का मॅडम?"

"अंदाज नाही. माहीत आहे."

पलीकडची मुलगी आवाज बदलून, जरा घरगुती होऊन म्हणाली, "मॅडम, घरातलंच कुणी आहे का? कारण तसं असेल तर बघा, बहुतेक लोक आपसांत मिटवून घेतात. एकदा नाव नोंदवलं की चौकशी लागते, मग मागं घेता येत नाही. तुम्ही विचार करून..."

"तुम्ही मला विचारायला फोन केलाय का समजवायला?"

"विचारायला मॅडम."

"मग विचारा."

"त्या व्यक्तीशी तुमचं नातं?"

"मुलगा."

"पूर्ण नाव सांगा. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव."

श्रेयांसनं आईकडं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. तो आईला ओळखून होता. सज्जनबाईंनी आपल्या यजमानांचं नाव कधीही उच्चारलेलं नव्हतं. ‘हे’ म्हणायच्या, ‘दुकानवाले’ म्हणायच्या, ‘श्रेयांसचे पप्पा’ म्हणायच्या. लग्नात उखाण्याचा आग्रह झाला तेव्हा ताटावरून उठून गेल्या होत्या. यजमान गेल्यानंतरही कुठं पूर्ण नाव सांगायची वेळ आली की आधार कार्ड पुढं सरकवायच्या. फोनमध्ये आधार कार्ड सरकवता येत नाही. श्रेयांसनं हळूच हात पुढं केला, फोन दे म्हणून.

सज्जनबाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"श्रेयांस," त्या म्हणाल्या. घसा खाकरला. "श्रेयांस अभयकुमार बरडिया."

विधीनं तोंडावर पदर घेतला. श्रेयांसचा पुढं केलेला हात तसाच राहिला.

"सॉरी मॅडम, मधलं नाव कट झालं. परत एकदा सांगता?"

सज्जनबाईंनी मुलाच्या डोळ्यांत बघितलं आणि पुन्हा सांगितलं. मोठ्यानं, सावकाश, लिहून घेणाऱ्याला एकही अक्षर परत विचारावं लागू नये असं.